चिमूट तीच, वाट दुसरी

नमस्कार मंडळी. एका केसपेपरपासून सुरुवात करते. त्यावर मी माझ्या हाताने 'तंबाखू : नाही' असं लिहिलं होतं, आणि ते चूक होतं.

मी दंतवैद्य. काही वर्षं दक्षिण आफ्रिकेत, क्वाझुलु-नाताल प्रांतातल्या एका सरकारी रुग्णालयात काम केलं. डर्बन ज्या प्रांतात आहे तोच हा. गांधीजींमुळे 'नाताल' हे नाव तुमच्या कानांवरून गेलेलं असेल. तिथे एक आजी आली. झुलू भाषेत आजीला 'गोगो' म्हणतात, आणि आपण जसं कुठल्याही म्हातारीला ओळख नसताना आजी म्हणतो, तसंच तिथेही वयस्क बाईला सगळे गोगोच म्हणतात. गोगोची तक्रार साधी होती : खालची कवळी नीट बसत नाही, टोचते. केसपेपरवर छापील प्रश्न होता, धूम्रपान करता का? नर्सने झुलूत विचारलं, सिगारेट ओढता का? गोगोने मान हलवली. नाही. मी 'नाही'वर खूण केली आणि पुढे स्वतःच्या मनाने 'तंबाखू : नाही' असंही लिहून टाकलं. कवळी जिथे टोचत होती तिथे पाहिलं, घासून दिली, पाठवून दिलं. ओठ उलटा करून आतली बाजू पाहिली नाही.

दहा-बारा दिवसांनी ती पुन्हा आली. बाहेरच्या बाकावर बसली होती आणि मी चहाला निघाले होते. तिने पोलक्यातून रुमालाची गाठ काढली. गाठीत एक छोटी गोल पत्र्याची डबी होती. झाकणावर नखाने दोनदा टकटक केलं, म्हणजे वर चिकटलेली पूड खाली पडावी. झाकण उघडलं. डाव्या हाताच्या बोटाने खालचा ओठ पुढे ओढला, उजव्या हाताची चिमूट आत ठेवली, ओठ सोडला आणि जिभेने एकदा जागा नीट केली. सगळं मिळून पाच सेकंदांचं काम. मी तिथेच उभी राहिले. कारण हेच हात मी लहानपणी पाहिले होते, आमच्या आळीत, पहाटे अंगणात बसून मिश्री लावणाऱ्या बायकांचे.

आत नेऊन ओठ उलटवला. आत पांढरट, सुरकुतलेली, जाड झालेली कातडी होती, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटाच्या टोकासारखी. कवळी बसत नव्हती त्याचं कारणही तेच. गोगो तिथे रोज जागा करून घेत होती.

नर्समार्फत मी विचारलं, गोगो, ही तपकिरीची डबी नाकाची ना? ती म्हणाली, नाकाचीच. आई फक्त नाकातच ओढायची. मीही सकाळी थंडीत नाकातच घेते. पण मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी काम केलं. नाकात ओढली की शिंका येतात, नाक गळतं, मालकीण रागावते. ओठात ठेवली की कुणाला कळत नाही.

आजचा विषय एवढ्यातच आहे. एकच पूड, एकच डबी. ती नाकात गेली की काय होतं आणि ओठात गेली की काय होतं? आफ्रिकेत हा प्रश्न लाखो माणसांच्या रोजच्या आयुष्यातला आहे. आणि वाट बदलली की ती पूड जणू वेगळीच वस्तू होते, हे मला त्या बाकाने शिकवलं.

आपल्या मराठीत या दोन गोष्टींना दोन नावं आहेत. नाकात ओढायची ती तपकीर. तपकिरी रंगाचं नावही तिच्यावरूनच आलं. दातांना लावायची ती मिश्री, आणि चुना लावून मळून ओठात धरायची ती तंबाखू, तिचा आपण 'बार भरतो'. प्रत्येक क्रियेला वेगळं क्रियापद आहे. ओढणे, लावणे, भरणे. मिश्री लावणाऱ्या बाईला कुणी विचारलं, तपकीर ओढता का, तर ती खरंच नाही म्हणेल. झुलूत तंबाखूला 'उग्वायी' म्हणतात आणि तपकीरही उग्वायीच. झिंबाब्वेत शोना लोक तपकिरीला 'बुते' म्हणतात. घानात अकान भाषेत 'आस्रा'. ट्युनिशियात 'नेफ्फा' नाकातही जाते आणि ओठातही.

सगळ्यात बोलकं उदाहरण सुदानचं. तिथे ओठात धरायच्या तंबाखूला 'तूम्बाक' म्हणतात, पण लोकांच्या बोलण्यात तिचं आणखी एक नाव आहे, 'सऊत'. हा अरबी शब्द मुळात नाकात घालायच्या औषधाचा, म्हणजे आपल्या वैद्यांच्या 'नस्या'चा भाऊ. शब्द नाकाचा आणि वस्तू ओठातली. पूड कुठून कुठे सरकली हे त्या शब्दातच नोंदलेलं आहे. मला हे कळलं तेव्हा पुन्हा गोगोचीच आठवण झाली. तिची आई नाकवाली, ती स्वतः दोन्हींची. एका पिढीत जे घडलं तेच एका भाषेत घडलं होतं.

तंबाखू मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात युरोपीय जहाजांबरोबर ती आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर उतरली आणि तिथून आत पसरली. पण तिथल्या लोकांनी ती जशीच्या तशी घेतली नाही. प्रत्येकाने तिच्यात आपल्या मातीतलं काहीतरी मिसळलं. झुलू आणि आसपासच्या लोकांत कोरफडीच्या जातीच्या झाडांची पानं वाळवून, जाळून त्यांची राख तपकिरीत वाटत. पश्चिम आफ्रिकेत योरुबा लोक 'काऊन' नावाचा खनिज क्षार घालतात, इग्बो त्यालाच 'अकान्वू' म्हणतात. केनियात मासाई लोक मागादी सरोवराकाठचा सोडा वापरतात. मागादी म्हणजे आपल्या लोणारसारखं खारं, क्षाराचं पाणी, फक्त किती तरी मोठं. सुदानात 'अत्रून' घालतात, हा आपल्या पापडखाराचा भाऊबंद. मादागास्करमधल्या 'पाराकी'त झाडांची राख असते. आणि आपण? आपण चुना लावतो.

हजारो मैलांवरच्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांना एकच गोष्ट का सुचली असेल? राख, सोडा, खार, चुना. सगळे क्षार. बोटांनी मळता मळता, ओठाला जाणवता जाणवता त्यांनी जे शोधलं ते रसायनशास्त्राने नंतर समजावून सांगितलं. तंबाखूत निकोटिन असतं, पण पानात ते आम्लाला बांधलेलं असतं, दाव्याला जनावर बांधावं तसं. बांधलेलं निकोटिन तोंडाच्या किंवा नाकाच्या आतल्या नाजूक अस्तरातून सहज आरपार जात नाही. क्षार घातला की दावं सुटतं. मोकळं निकोटिन अस्तर ओलांडतं आणि रक्तात शिरतं.

याचे आकडे ऐका. आम्लता आणि क्षारता मोजायच्या पट्टीला पीएच म्हणतात. शाळेत लिटमसचा कागद बुडवून आम्ल की क्षार ते पाहिलं होतं, तेच ही पट्टी आकड्यात सांगते. आकडा वाढला की क्षारता वाढते. पीएच ७ असेल तर साधारण १० टक्के निकोटिन मोकळं असतं. ८ झाला की निम्मं. ९ झाला की ९० टक्के. १० झाला की जवळपास सगळं. म्हणजे पूड तेवढीच, पण त्यातला खार वाढला की शरीरात पोचणारा भाग कुठल्या कुठे जातो. २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले दंतवैद्यक संशोधक ओलालेकान आयो-युसुफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या धूरविरहित तंबाखूच्या वस्तू तपासल्या. पीएच साधारण ७ पासून १० च्या थोडा वर होता. म्हणजे एका डबीत मोकळं निकोटिन १० टक्के आणि दुसऱ्या डबीत ९९ टक्के. डबीवरून बाईला काय कळणार?

आता नाक. नाक ही शरीराची अजब जागा आहे. आत हाडांच्या वळ्या, त्यांच्यावर पातळ ओलं अस्तर, अस्तराखाली रक्तवाहिन्यांचं जाळं. दोन्ही नाकपुड्या मिळून हे अस्तर उलगडलं तर पंजाएवढं भरतं. नाक म्हणजे डोक्याचं दार, असं आपल्याकडचे वैद्य सांगत आले ते उगाच नाही. चिमूट आत गेली की निकोटिन काही मिनिटांत रक्तात चढतं. सिगारेटच्या झुरक्याइतकं झटपट नाही, पण ओठाच्या मानाने लवकर. ही गोष्ट औषधवाल्यांनीही वापरली. सिगारेट सोडणाऱ्यांसाठी निकोटिनचा नाकातला फवारा निघाला, त्याला अमेरिकेत १९९६ मध्ये परवानगी मिळाली. दोन फवाऱ्यांत १ मिलिग्रॅम निकोटिन जातं. चघळायच्या निकोटिन गमपेक्षा तो लवकर काम करतो, कारण वाट नाकाची.

पण नाकाचा एक स्वभाव आहे. नाक काहीही जास्त वेळ ठेवत नाही. आतल्या बारीक केसांसारख्या रोमिका शेंबूड सतत मागे, घशाकडे ढकलत असतात. दहा-वीस मिनिटांत बहुतेक पूड नाकातून निघून घशात जाते, काही शिंकेत बाहेर पडते, काही तपकिरी थेंब होऊन रुमालात जाते. म्हणून नाकाचं निकोटिन झटकन चढतं आणि झटकन उतरतं. डोकं हलकं झालं, शिंक आली, संपलं. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा डबी. माझ्या ओळखीच्या गोगो लोकांत जे नाकातच ओढत, त्यांची डबी दिवसभर बाहेर-आत होत असे, पण चिमूट खरंच चिमूटभर असे.

ओठ वेगळा. ओठ आणि हिरडी यांच्यामधली ती खोबण एखाद्या खिशासारखी आहे. आत ठेवलेली पूड लाळेने भिजते, हळूहळू सुटते. निकोटिन सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. जे ओठातून शोषलं जात नाही ते लाळेबरोबर पोटात जातं, मळमळतं, आणि पोटातून शोषलेल्या निकोटिनचा मोठा भाग यकृत पहिल्याच फेरीत संपवून टाकतं. म्हणून ओठात तोच परिणाम हवा तर पूड जास्त लागते. चिमूट मोठी होते. चिमटीचा बार होतो. आणि शिंक येत नसल्यामुळे आता बस असं सांगायला कुणीच नसतं. गोगोने मला मोकळेपणी सांगितलं होतं की नाकात ओढायची तेव्हा एक डबी कितीतरी दिवस पुरायची, ओठात धरायला लागल्यावर आठवडाही पुरत नाही.

हे मी तुम्हाला जरा सावकाश सांगते आहे, कारण माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. लोक मला विचारतात, डॉक्टर, नाक वाईट की तोंड वाईट? नाक जास्त झटपट आहे, तोंड जास्त वेळ धरून ठेवतं. आणि कर्करोग करणाऱ्या द्रव्यांना वेळच हवा असतो.

ती द्रव्यं कुठून येतात? तंबाखूचं पान वाळवताना, ढीग करून मुरवताना त्यातले जिवाणू पानातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. नायट्राइट आणि निकोटिन किंवा त्याचे सोबती एकत्र आले की नायट्रोसामाइन्स तयार होतात. तंबाखूतली सगळ्यात घातक द्रव्यं म्हणजे हीच. पान जितकं मुरेल, जितकं उबेत पडून राहील, तितकी ही वाढतात.

आता सुदानला चला. तूम्बाक कशी करतात पाहा. त्यासाठी तंबाखूची वेगळी जात वापरतात, शास्त्रीय नाव निकोटियाना रस्टिका, तिच्यात निकोटिनच जास्त. पानं वाळवतात, गठ्ठे बांधतात, पाणी शिंपडून काही आठवडे मुरवतात, दळतात, कधी वर्षभर साठवून ठेवतात. मग भांड्यात अत्रूनचं पाणी घालून हाताने मळतात, बोटांच्या टोकांनी ओलावा तपासत. कणीक मळताना आपण जसं दाबून पाहतो अगदी तसंच. त्यातून जी गोळी वळतात तिला 'सफ्फा' म्हणतात. वजन साधारण १० ग्रॅम, म्हणजे मोठ्या सुपारीएवढी. ओठाआड, गालाआड किंवा जिभेखाली ठेवतात, सावकाश चोखतात, दहा-पंधरा मिनिटांनी थुंकून पाण्याने चूळ भरतात. आणि दिवसात हे अनेकदा. अली इद्रिस आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तूम्बाकची तपासणी केली, तेव्हा नायट्रोसामाइन्सचं प्रमाण जगात मोजलेल्या तंबाखूच्या वस्तूंत सगळ्यात वरच्या पातळीचं निघालं. सुदानातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग फार का आढळतो, याचं उत्तर त्यात आहे.

आणि आता स्वीडन. तिथेही लोक तंबाखू वरच्या ओठाआड ठेवतात, तिला स्नूस म्हणतात. पण स्नूस करताना तंबाखूला वाफेने उष्णता देतात, जिवाणू मरतात, मुरणं थांबतं. म्हणून तिच्यातल्या नायट्रोसामाइन्सचं प्रमाण तूम्बाकच्या शेकडो पटींनी कमी भरतं. स्नूस निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. तिनेही माणूस बांधला जातो. पण ओठ दोन्हीकडे ओठच, आणि परिणाम इतका वेगळा. म्हणून मी म्हणते, नाक की तोंड एवढंच विचारून भागत नाही. पूड कशी मुरली, तिच्यात कोणता खार पडला आणि ती किती वेळ अंगाला लागून राहिली, हे तिन्ही विचारावं लागतं.

कर्करोगाबद्दल जगाचं मत काय आहे ते थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्ये ल्यों शहरात आहे. तिने धूरविरहित तंबाखूमुळे तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, असं निःसंदिग्ध सांगितलं आहे. हे सगळं मुख्यतः ओठात, गालात धरलेल्या तंबाखूबद्दल. नाकात ओढलेल्या तपकिरीबद्दल पुरावा तितका भक्कम नाही, कारण ती ओढणाऱ्यांचा तितका अभ्यासच झाला नाही. काही तुकडे मात्र आहेत. १७६१ मध्ये लंडनमध्ये जॉन हिल नावाच्या वैद्याने अति तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकात वाढलेल्या गाठींबद्दल लिहिलं होतं. दक्षिण आफ्रिकेत १९५० ते १९७० च्या दशकांत संशोधकांना काळ्या लोकांमध्ये गालाच्या हाडामागच्या पोकळीचा कर्करोग लक्षणीय दिसला. त्यांनी घरगुती तपकिरीचा माग काढला, त्यात निकेल आणि क्रोमियम या धातूंचे अंश सापडले. राखेचं मिश्रण होतं ना, झाडाने जमिनीतून जे घेतलं ते राखेत आलं. पुरावा कमी आहे म्हणून नाक निर्दोष ठरत नाही. शिवाय नाकाचं आपलं दुखणं असतंच. सतत चोंदणं, अस्तर जाड होणं, वासाची जाणीव मंद होणं. एका गोगोला मी विचारलं होतं, तव्यावर मक्याची भाकरी जळली तर कळतं का? ती म्हणाली, नात सांगते तेव्हा कळतं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितली नाही तर गोगोवर अन्याय होईल. त्या लोकांत तपकीर नुसतं व्यसन नाही. झुलू लोकांत पूर्वजांना 'अमाद्लोझी' म्हणतात. घरात काही अडलं, कुणी आजारी पडलं, कुणी शहरात नोकरीला निघालं, की गोगो जमिनीवर गुडघे टेकते, डबीतली चिमूट मातीवर ठेवते आणि पूर्वजांशी नावं घेऊन बोलते. 'इंफेफो' नावाची सुवासिक वनस्पती जाळली जाते, आपल्या ऊद-धूपासारखी. झिंबाब्वेत शोना लोक बुते 'न्हेक्वे' नावाच्या छोट्या डबीत ठेवतात आणि तशीच जमिनीवर वाहतात. जुन्या झुलू घरांत हाडाचे सुबक कोरलेले चमचे असत, तपकीर नाकाशी नेण्यासाठी, आणि ते केसांत खोवून मिरवत. संग्रहालयांत पाहिले आहेत मी ते, केसांतल्या काट्यासारखे, पण टोकाला इवलीशी वाटी. तेव्हा डॉक्टरने जाऊन म्हणायचं, ही घाण टाकून द्या, हे मला कधी जमलं नाही. देवळात वाहिलेलं फूल आणि दिवसभर ओठात धरलेला बार, यांत फरक करायला हवा. मातीवर ठेवलेल्या चिमटीने कुणाचा ओठ पांढरा होत नाही.

पण बायकांच्या बाबतीत मला कळकळीने बोलायचंय. दक्षिण आफ्रिकेत सिगारेट बहुतेक पुरुषांची, तपकीर बहुतेक बायकांची, त्यातही काळ्या आणि वयाने मोठ्या बायकांची. कारण चांगली बाई सिगारेट ओढत नाही असा समज. तपकिरीला तो डाग नाही. ती औषध म्हणूनही घेतली जाते, डोकं दुखतं म्हणून, सर्दी म्हणून, पोट साफ होत नाही म्हणून. आणि ती खरंच काही काळ काम करते. निकोटिन आतड्यांना हालवतं. आणि डोकेदुखी? रोज ओढणाऱ्या बाईला तपकीर मिळाली नाही की डोकं दुखतं, चिमूट घेतली की थांबतं. मग तिला वाटतं, तपकिरीने डोकेदुखी गेली. आमच्या आळीतल्या बायका मिश्रीबद्दल हेच सांगायच्या. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, काम सुचत नाही. भाषा वेगळी, वाक्य तेच.

गरोदर बाईने मिश्री लावली, तपकीर ओढली, ओठात धरली, तर निकोटिन कोणत्याही वाटेने गेलं तरी शेवटी रक्तातच येतं आणि रक्तातून वारेतून बाळापर्यंत. तिथे नाकाची वाट आणि ओठाची वाट एकच होते. आपल्या मुंबईतला एक अभ्यास आहे, १,२१७ बायकांचा, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू, त्यातही मुख्यतः मिश्री वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. १०५ ग्रॅम म्हणजे एक बटाटा. अडीच किलोच्या बाळाला तो बटाटा परवडत नाही. जोहान्सबर्गच्या झोपडपट्टीतली बाई आणि धारावीतली बाई एकमेकींना कधी भेटणार नाहीत, पण या एका गोष्टीत त्या सख्ख्या बहिणी आहेत.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, ती वाचते. "मिश्री सोडून तपकीर ओढली तर चालेल का?" प्रामाणिक प्रश्न आहे. ताई, तुम्ही मिश्री सोडायला निघालात तीच मोठी गोष्ट. ओठातून नाकात गेल्याने ओठाला विसावा मिळेल, पण मागणी जाणार नाही. झटपट चढणारी गोष्ट मनाला आणखी घट्ट धरते. कित्येक जणी काही आठवड्यांनी दोन्ही करायला लागतात, गोगोसारख्या. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून निकोटिनचं गम किंवा चिकटपट्टी घ्या, हळूहळू कमी करत चला. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कठीण असतात, त्या दिवसांत घरातल्या माणसांनी बाईचं डोकं खाऊ नये, एवढं मी त्यांनाही सांगते.

गोगोचं काय झालं विचारताय? मी तिच्या ओठातला तुकडा काढून तपासायला पाठवला. कर्करोग नव्हता. मी तिला सांगितलं, सहा आठवडे ओठात काही ठेवू नकोस, जे मातीवर ठेवायचं ते ठेव. या पांढऱ्या डागांचा स्वभावच असा असतो की तंबाखू थांबली की बहुतेक डाग काही आठवड्यांत विरतात. जे विरत नाहीत त्यांची मात्र काळजी घ्यावी लागते. सहा आठवड्यांनी ती आली तेव्हा कातडी पुन्हा गुलाबी, मऊ झाली होती. कवळी बसत होती. सकाळची नाकातली चिमूट तिने सोडली नव्हती, हे तिनेच सांगितलं, आणि मी ते केसपेपरवर लिहिलं. त्या दिवसापासून मी छापील ओळीखाली पेनाने तीन प्रश्न लिहायला लागले : नाकात? ओठात? किती वेळ?

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे ओठ मी आज पाहिलेले नाहीत. पिशवीत टॉर्च आहे, तोंडात धरायचा आरसा आहे, हातमोज्यांचं खोकं आहे. आभार झाले की मी मंचाखाली, डाव्या बाजूच्या खोलीत बसते. मिश्री लावणाऱ्या बायकांनी आधी या, पुरुषांनी नंतर. रांग मोठी झाली तरी मी थांबेन.